मिशनकडून मंडळीकडे

आमच्या घरी दुपारची जेवणे आटोपली की आत्या 'स्मृतिचित्रे' घेऊन बसायची. आई, काकू, शेजारच्या दोघी-तिघी आणि सुट्टी असली तर आम्ही मुले, असा तिचा श्रोतृवर्ग. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे ते सोवळे, बाजारातून आलेला जिन्नस न् जिन्नस धुऊन घेण्याचा त्यांचा हव्यास, टिळकांचे न सांगता घरातून निघून जाणे, हातात पैसा आला की तो तिसऱ्यालाच देऊन मोकळे होणे, हे सारे आत्या असे रंगवून वाची की हसता हसता बायकांच्या डोळ्यांना पाणी येई. टिळकांच्या बाप्तिस्म्याचा भाग आला की तिचा आवाज खाली उतरे. पुढची विरहाची पाने ती मन लावून वाची आणि सगळ्याजणी रडत. त्यानंतर मात्र पाने भराभर उलटली जात. "हे सगळं त्यांच्यातलं आहे, आपण पुढं जाऊ या," असे म्हणून ती थेट बालकवी ठोमरे टिळकांच्या घरी राहायला येतात तिथे पोहोचे.

पुढे कॉलेजात असताना मी ते पुस्तक स्वतः वाचले, तेव्हा लक्षात आले की आत्याने उलटलेली पाने थोडीथोडकी नाहीत. पुस्तकाचा मोठा भाग त्या 'त्यांच्यातल्या' जगाचाच आहे. मराठी समीक्षेनेही लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आमच्या आत्यासारखेच केले, असे माझे मत होत गेले. विनोद, सोशिकपणा, निरागस शैली, स्त्रीचे आत्मभान यांवर भरभरून लिहिले गेले. पण एका परदेशी मिशनच्या आवारात मराठी माणसांची स्वतःची मंडळी कशी उभी राहिली, याची आपल्या भाषेतली सर्वांत जिवंत हकिगत या पुस्तकात आहे, ही गोष्ट फारशी कोणी मनावर घेतली नाही.

'मंडळी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इमारतीला चर्च म्हणतात, पण विश्वासू लोकांच्या समुदायाला मराठी ख्रिस्ती माणूस मंडळी म्हणतो. आपल्याकडे मंडळी म्हणजे घरची माणसे, आणि जुन्या पिढीतल्या पुरुषाच्या तोंडी तर खुद्द बायको. आमच्या भागात शेजारीच कानडी उपासना भरते, तिथे याच अर्थी 'सभे' म्हणतात. सभा भरते आणि उठते. मंडळी जेवायला थांबतात. भाषांतर करणाऱ्याच्या मनात एवढे सगळे असेल असे नाही, पण मराठीने त्या कल्पनेला घरात घेतले, हे खरे.

शाळेत आम्हाला मराठी शिकवणारे सर मेथडिस्ट होते. मी हे आत्याचे पुराण त्यांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अरे, तुमच्या घरात लक्ष्मीबाई येतात खऱ्या, पण मंडळीला दाराबाहेर उभं करून येतात. त्यांना एकदा आत घे बघू." या लेखाचे मूळ त्या वाक्यात आहे. फार उशीर झाला, पण आत घेऊन पाहतो.

आधी थोडा इतिहास. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. बऱ्याच विनवण्यांनंतर आणि त्याच वर्षी सनद बदलल्यावर त्यांना राहता आले. त्यांचे काम पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणून ओळखले गेले. नावात 'मराठी' शब्द आला, ही मला आजही लक्षात घेण्याजोगी गोष्ट वाटते. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठाणे घातले आणि १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघू लागला. मुंबईच्या त्यांच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्याच्या हाताखाली टाइपाचे काम शिकलेला एक पोरगा म्हणजे जावजी दादाजी, पुढे निर्णयसागर काढणारे. म्हणजे आपल्या पंचांगांना आणि पोथ्यांना जे देखणे अक्षर लाभले, त्याच्या मुळाशी बायबल छापण्याची खटपट होती. असो.

या मिशनच्या बोस्टनमधल्या संस्थेचा चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः पाहणीला आला. त्याचे म्हणणे असे की मंडळीने स्वतःच्या पैशावर जगावे, स्वतःचा कारभार करावा, स्वतःच प्रसार करावा; मिशनने काम उभे करून निघून जावे. इंग्रजी शाळांवरचा खर्च आवरा, लोकांच्या भाषेत उपदेश करा, देशी पाळक नेमा, असा त्याचा रोख होता. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकाची दीक्षा मिळाली. कागदावर पाहता राष्ट्रीय मंडळीची सगळी कल्पना १८५५ सालीच तयार होती. ती प्रत्यक्षात यायला शंभर वर्षे लागली. ती शंभर वर्षे कशात गेली, हे अहवालांपेक्षा साहित्यात चांगले दिसते.

पहिला मुक्काम आपल्या गावचाच. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले, इथल्या लंडन मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते परीक्षेसाठी पाठ करतो आणि विधवांच्या दुःस्थितीवरचे पुस्तक म्हणून मार्क मिळवतो. पण त्यातल्या यमुनेकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. ती गावोगाव दुःखे पाहते, नवरा गमावते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. ती ज्या समाजात जाते त्याला मात्र चेहराच नाही. कादंबरीत हिंदू घरे आहेत, त्यांची न्हाणीघरे आणि माजघरे आहेत, बायकांची कुजबुज आहे. ख्रिस्ती घर असे दिसतच नाही. बाबांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' वाचतानाही तेच जाणवते. एक तरुण, त्याचे देवधर्म, त्याचे वाचन, त्याच्या शंका आणि समोर परदेशी गुरुजी. बाप्तिस्म्यानंतर तो कोणाच्या पंक्तीला बसला, कोणाची भाकरी त्याने खाल्ली, याचे चित्र मनात उभे राहत नाही. मला हा बाबांच्या लेखणीचा दोष वाटत नाही. त्या पिढीला मिशन होते, मंडळी व्हायची होती.

त्यांचे गद्य मात्र दोन प्रकारचे आहे. बायकांचे बोलणे लिहिताना बाबा थेट बेळगाव-कोकणातल्या घरात असतात. वादविवादावर आले की वाक्य इंग्रजीच्या वळणाने चालू लागते. 'मिशनरी मराठी' म्हणून ज्याची पुढे थट्टा झाली ते हे वळण. थट्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये की त्याच काळी शाळाखात्याची पुस्तकेही याच वळणाने चालत होती.

भाषेचा हा पेच सर्वांत उघड होतो तो गाण्यात. आरंभीची कितीतरी गीते इंग्रजी चालींवर बेतलेली होती. इंग्रजी स्तोत्राचा एक नेहमीचा साचा आठ-सहा-आठ-सहा अवयवांचा, आणि एकाआड एक अवयवावर आघात. मराठीत शब्दावर असा आघात नाही. आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घाचे चालते. त्यामुळे चालीचा ठोका नेमका लघु अक्षरावर पडतो आणि 'कृपा' हा शब्द 'कृऽपा' होऊन बसतो. गाणाऱ्याला अर्थ लागायच्या आत ओळ संपते. आपला मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. शेवटच्या चार अक्षरांवर माणूस श्वास घेतो, टाळ वाजतो, मागचा झील धरतो. कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आणि पदे रचून ही वाट दाखवली, आणि नारायण वामन टिळकांनी तिचा हमरस्ता केला.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, तोही त्यांच्या आग्रहाने एका देशी पाळकाच्या हातून. आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो, अशा अर्थाचे ते सांगत. हे त्यांचे म्हणणे बहुतेक लेखक मोठ्या कौतुकाने देतात आणि पुढे जातात. या पुलाचा खर्च काय होता, हे पाहिले पाहिजे. ख्रिस्ताला माउली म्हणणे, गुरू म्हणणे, जमिनीवर बसून भजन करणे यात काही मिशनऱ्यांना धोका दिसला असल्यास नवल नाही. दुसऱ्या बाजूला पुण्या-नाशिकच्या ब्राह्मणांना ती फसवणूक वाटली. टिळक दोघांच्या मधोमध उभे राहिले आणि लिहीत राहिले. मराठी मंडळीच्या 'उपासना-संगीता'त त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. आपण त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून शाळेच्या पुस्तकात बसवले, आणि दर रविवारी गावोगाव गायला जाणारा कवी आपल्या ध्यानातही आला नाही. कवितेच्या अंगाने पाहिले तर त्यांची भजने सारखी उतरत नाहीत. पुष्कळ ठिकाणी उपदेश पुढे येतो आणि यमकासाठी शब्द ओढला जातो. पण जिथे ते विनवणीला बसतात तिथे संतांच्या परंपरेतली आर्तता आहे, आणि ती उसनी नाही.

आमच्या गोव्याच्या वाचकांना इथे फादर स्टीफन्स आठवतील. १६१६ मध्ये राचोलला छापलेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' ओव्यांत आहे आणि भाषा मराठी आहे. तीनशे वर्षे आधी एका इंग्रज जेझुइटाला ही वाट सापडली होती. पण तो पाहुण्याने यजमानाच्या भाषेत म्हटलेला ग्रंथ. टिळक हे घरचे. टिळकांनीही 'ख्रिस्तायन' सुरू केले, ते अर्धे राहिले, आणि ते पूर्ण केले ते शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी.

टिळकांच्या उलट टोकाला पंडिता रमाबाई. दोघेही संस्कृतात मुरलेले, दोघेही चित्पावन. पण टिळकांना संतांची भाषा हवी होती, तर रमाबाईंना प्रचलित मराठी बायबलातले वेदान्ताचा वास असलेले शब्द खटकत. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात बसून सगळे बायबल सोप्या मराठीत नव्याने उतरवले. सदनातल्या बायकांनीच खिळे जुळवले आणि छपाई केली. १९२२ मध्ये बाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. साधेपणाच्या हट्टापायी त्यातली वाक्ये पुष्कळदा अडखळतात, मूळ शब्दाला चिकटून राहतात. वाचायला गोड असे ते भाषांतर नाही. पण खेड्यातल्या अक्षरओळख झालेल्या बाईला पंडिताची गरज न लागता वाचता यावे, हा त्यामागचा विचार मला टिळकांच्या पुलाइतकाच राष्ट्रीय वाटतो. त्याला राष्ट्रीय म्हणायची आपल्याला सवय नाही, इतकेच.

कारण मंडळी कोणाची होती? नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून मिशनकडे जे आले ते मुख्यतः महार आणि मांग. १८७६-७८ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी ओघ वाढवला. मिशनचे वडाळा हे ठाणे नेवासे तालुक्यात. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्या पंचक्रोशीत महारवाड्याला देवळाच्या पायरीशी थांबावे लागे, आणि त्याच महारवाड्यात मिशनची शाळा भरे. अन्नासाठी धर्म सोडला, हा शेरा मी लहानपणापासून ऐकला आहे. ज्या धर्मात पाणी मिळत नव्हते तो अन्नासाठी सोडला, असे कोणी म्हणत नाही.

'स्मृतिचित्रे'चे मोठेपण मला इथे दिसते. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या तरी सोवळे घेऊन आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. आणि मग एका रात्री विचार करता करता त्यांच्या मनातून जात गळून पडते. हा प्रसंग त्यांनी कसलाही गाजावाजा न करता सांगितला आहे. सगळ्या पुस्तकात मला तो टिळकांच्या बाप्तिस्म्यापेक्षा मोठा वाटतो. टिळकांनी ग्रंथ वाचून, वाद करून धर्म बदलला. लक्ष्मीबाईंनी आधी घडा बदलला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. पुढचे त्यांचे घर म्हणजे पोरकी मुले, विद्यार्थी, आजारी माणसे, कवी, कोणाचीही जात न विचारता वाढलेली ताटे. यमुनेला जे घर बाबा पदमनजी दाखवू शकले नाहीत ते इथे आहे, धुराने भरलेले आणि उधारीवर चाललेले. मिशनरी मंडळीही त्यात येतात, बहुधा प्रेमळ आणि थोडी गोंधळलेली. बाई त्यांच्यावर रागावत नाहीत, पण त्यांना उंच पाटावरही बसवत नाहीत. मिशनऱ्याला बरोबरीचा माणूस म्हणून हसता येणे, ही माझ्या मते मंडळी वयात आल्याची खूण आहे.

आता जे टोचते तेही लिहिले पाहिजे. १९०५ मध्ये अझरय्या, के. टी. पॉल वगैरेंनी भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय कारभार या तत्त्वावर राष्ट्रीय मिशनरी संस्था काढली. अझरय्या १९१० मध्ये एडिंबरोच्या परिषदेत मिशनऱ्यांच्या तोंडावर मैत्री मागून आले आणि १९१२ मध्ये हैदराबाद राज्यातल्या दोर्नकलचे बिशप झाले. त्याच हवेत टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास गेले आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत. पगार नाही, मिशनची सही नाही. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले आणि दरबार ओसरला. चरित्रकारांना हा टिळकांच्या आयुष्याचा कळस वाटतो. मलाही तो भारावून टाकतो. पण सरांपाशी मी हे बोललो तेव्हा ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, "माझे आजोबा खेड्यात मिशनचे मास्तर होते. त्यांनी नोकरी सोडली असती तर पाटलाच्या वाड्यापुढं झाडू घेऊन उभं राहावं लागलं असतं. टिळकांना संन्यास परवडला."

हे ऐकल्यापासून मला टिळकांचे ते पाऊल पहिल्यासारखे वाचता येत नाही. संन्याशाला भिक्षा घालायची पद्धत आपल्याकडे आहे, पण ती कोणत्या संन्याशाला? अँडरसनचे स्वावलंबन बोस्टनहून फार स्वच्छ दिसत होते. महारवाड्यातल्या शाळामास्तराला मिशनचा पगार म्हणजे परदेशाची गुलामी नव्हती. गावच्या गुलामीतून सुटायचा तो एकच दरवाजा होता. आणि तरी, त्याच पगारामुळे मंडळी पांगळी झाली हेही खरेच. आंबेडकरांनी १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना मंडळीतल्या जातिभेदावर बोट ठेवले होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि त्या एकत्र मांडणारे पुस्तक मराठीत 'स्मृतिचित्रे'इतक्या ताकदीने आलेले मला तरी दिसत नाही. आपल्या हाती जे आहे ते ब्राह्मण धर्मांतरितांनी लिहिलेले: बाबा कासार जातीचे, त्यांचा अपवाद धरला तर टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई सगळे ब्राह्मण. ज्यांनी बाके भरली, गाणी पाठ करून पुढच्या पिढीला दिली, त्यांचे आत्मचरित्र दलित साहित्याच्या बहरातही मागेच राहिले.

कारभाराची गोष्ट पुढे यथाक्रम झाली. १९२४ मध्ये काही पंथ एकत्र येऊन 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' झाले. १९४७ च्या सप्टेंबरात मद्रासला 'चर्च ऑफ साउथ इंडिया' आणि १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. आम्हा सीमेवरच्या माणसांना याची गंमत वाटावी. कोल्हापूर उत्तरेच्या चर्चमध्ये, धारवाड दक्षिणेच्या, आणि बेळगावचे मेथडिस्ट दोन्हींत नाहीत. त्यांचे चर्च १९८१ मध्ये स्वायत्त झाले. राज्यांच्या सीमेवर आपण इतके भांडलो, पण एकाच आवारात मराठी आणि कानडी उपासना एकापाठोपाठ भरवणाऱ्या या माणसांना विचारायला आपण कधी गेलो नाही. जागांच्या मालकीवरून मंडळ्यांचे वाद कोर्टात गेले, बंगले पडले, हेही सगळीकडे झाले आहे. इमारती वारशाने मिळाल्या की भाऊबंदकीही मिळते.

सर गेले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या अंत्यविधीला मी गेलो होतो. टिळकांचे एक भजन झाले, पेटी आणि टाळ होते, आणि मागच्या बाकांवरच्या कानडी बायकाही ते म्हणत होत्या, मराठीतच. मला शब्द येत नव्हते. शाळेच्या पुस्तकातल्या टिळकांच्या दोन कविता मला पाठ होत्या, त्यांचा तिथे उपयोग नव्हता.

'ज्ञानोदया'च्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाच्या अंकांतून गावोगावचे मास्तर, उपदेशक आणि बायबल-बाया यांनी लिहिलेले जे काही असेल ते कोणी तरुण अभ्यासकाने, शक्यतो त्याच घरांतल्या, शोधून काढावे असे फार वाटते. आत्याची 'स्मृतिचित्रे'ची प्रत माझ्याकडे आहे. पहिला आणि दुसरा भाग हाताळून हाताळून सुटा झाला आहे. नंतरची पाने अजून चांगली कोरी आहेत.